काशिरामच्या चेहऱ्यावरची शेवटची ओव्हर

पनवेलच्या बाजारपेठेत, मिरची गल्लीच्या तोंडाशी, अब्दुल मुकादमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. सत्तरीला टेकलेला अब्दुल काउंटरमागे स्टुलावर बसतो, उजव्या डोळ्याला भिंग लावतो आणि मुंगीच्या पायाएवढ्या स्क्रूशी तासन्‌तास बोलत राहतो. हात कापत नाही, पापणी लवत नाही. सगळी गल्ली म्हणते, अब्दुलचाचाची नजर म्हणजे नजर.

आणि हाच अब्दुल क्रिकेटच्या मॅचची शेवटची ओव्हर कधी बघत नसे.

तुम्हाला वाटेल, कंटाळा येत असेल. छे हो! माणूस क्रिकेटसाठी जीव टाकणारा. टीव्हीवरचं मोठं क्रिकेट नव्हे, ते त्याला भरल्या पोटी, वेळ घालवायला पाहायचं वाटे. त्याचा जीव नवप्रकाशवर. नवप्रकाश म्हणजे बाजारातल्या पोरांची टेनिस बॉलची टीम. भाजीवाल्याचा, शिंप्याचा, सायकलवाल्याचा मुलगा, असे अकरा जण. भात कापून शेतं मोकळी झाली की पनवेलच्या आसपास गावोगाव सामने सुरू होतात. बांबूचा मांडव पडतो, दोरीला पताका लागतात, निवेदकाचा घसा स्पीकरमधून फाटायला लागतो. त्या हंगामात दर रविवारी अब्दुल दुकानाचं शटर ओढायचा आणि निघायचा. एकटा नव्हे. त्याच्यासोबत काशिराम असायचा.

काशिराम पळस्पेजवळच्या गावातला, जातीनं आगरी, नोकरीनं एसटीचा ड्रायव्हर. त्याचा धाकटा भाऊ बाळू एके काळी नवप्रकाशकडून गोलंदाजी करायचा. एकदा काशिरामचं मनगटी घड्याळ बंद पडलं म्हणून तो अब्दुलच्या दुकानात आला, क्रिकेटवर बोलत उभा राहिला आणि त्या दिवशीची त्याची पनवेल-अलिबाग गाडी उशिरा सुटली. घड्याळ बंद होतं हे खरं कारण सांगूनही काशिरामनं डेपोत बोलणी खाल्ली. दोस्ती झाली ती अशी.

आता ती शेवटची ओव्हर न बघण्याची गोष्ट. फार वर्षांपूर्वी, दोघांच्याही मिशा काळ्या होत्या तेव्हा, एका सामन्यात नवप्रकाश हरायला आली होती. शेवटची ओव्हर सुरू झाली. "मला नाही बघवत," म्हणून अब्दुल मैदानाकडे पाठ करून उभा राहिला. समोर काशिराम. आणि नवप्रकाश जिंकली.

झालं! तिथून पुढे नियमच झाला. शेवटची ओव्हर आली की काशिराम दरडावायचा, "अरं अब्दुल, फिर! फिर लवकर, गोलंदाज निंगला!" की अब्दुलनं मैदानाकडे पाठ करायची आणि काशिरामनं त्याच्यासमोर उभं राहायचं. नवप्रकाश जिंकली तर त्या पाठीमुळे. हरली तर काशिराम म्हणायचा, "तू मदी एकदा खांद्यावरना बगितलंस. मी पायला तुना." अब्दुल अल्लाची शपथ घ्यायचा. काशिराम ऐकायचा नाही.

पण खरं सांगायचं तर अब्दुल शेवटची ओव्हर बघत असे. काशिरामच्या चेहऱ्यावर.

आणि तो चेहरा म्हणजे काय वर्णावा! रुंद, उन्हानं रापलेला, भुवया दाट, मिशी दोन्ही बाजूंना ओघळलेली. रंगमंचावर असता तर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही त्यातला प्रत्येक भाव वाचता आला असता. चेंडू वाया गेला की काशिराम आवंढा गिळायचा. एक धाव निघाली की डावा गाल किंचित फुगायचा, जणू तोंडात लिमलेटची गोळी सरकवली. फलंदाज उंच मारून बसला की भुवया चढत चढत टोपीच्या कडेपर्यंत जायच्या, तोंड अर्धं उघडायचं, नजर आभाळात चेंडूमागून फिरायची, आणि त्या दोन-तीन श्वासांत अब्दुलच्या छातीत जे काही व्हायचं ते त्याला आयुष्यात दुसऱ्या कशानं झालं नाही. चेंडू दोरीपलीकडे पडला तर तोंड पुरतं उघडायचं, पुढच्या पडलेल्या दाताची खिंडही दिसायची. झेल घेतला गेला तर काशिराम टोपी काढून डोकं खाजवायला लागायचा. मागे मैदानात काय आवाज होतात यावर अब्दुलनं कधी विश्वास ठेवला नाही. षटकार असो की विकेट, पिपाण्या तेवढ्याच वाजतात, दोन्हीकडची पोरं तेवढीच किंचाळतात आणि डीजे तर सगळ्यांच्याच नावानं धडाडतो. खोटं बोलत नव्हता तो फक्त समोरचा चेहरा.

अशी तीस-बत्तीस वर्षं गेली. लहानसहान सामने नवप्रकाशनं जिंकले, पण सरपंच चषक काही हाताला लागला नाही. चार वेळा फायनलला जाऊन हरले. हरल्यावर दोघं हायवेच्या कडेनं चालत यायचे. भज्यांच्या गाडीशी थांबायचे. काशिराम भजी समोर ठेवून नुसता बघत राहायचा आणि शेवटी म्हणायचा, "कुत्र्याला घाल." पुढे दोन-तीन दिवस बाजारात कुणी अब्दुलला घड्याळाची वेळ विचारली तरी तो वसकन अंगावर जायचा. मग पुढचा रविवार यायचा आणि दोघं पुन्हा नवे व्हायचे.

गेल्या पावसाळ्यात काशिराम गेला. दुपारी जेवून पडला तो उठलाच नाही. बाराव्याला अब्दुल त्यांच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. येणारे जाणारे त्याला ओळखत होते, मान हलवत होते. काशिरामची बायको ठमाबाई एकदा दारात आली, त्याच्याकडे पाहिलं आणि आत गेली.

भात कापून झालं. मांडव पडले. आणि या वर्षी नवप्रकाशला काय वारं लागलं कोण जाणे, सरपंच चषकात एकामागून एक सामने मारत सुटली. बाजारात जो तो अब्दुलला गाठून म्हणायचा, "चाचा, यंदा कप आपलाच!" अब्दुल हसायचा, भिंग डोळ्याला लावायचा आणि मनात एकच घोर. शेवटच्या ओव्हरला समोर उभं कोण राहणार?

घरी सांगावं तर घरात कोण? बायको मुबीना नातवासाठी खारघरला, लेक हिबाकडे. मुलीची नोकरी, जावयाची नोकरी, तेराव्या मजल्यावरचं घर आणि रडकं बाळ. मुबीना शुक्रवारी यायची, मटणाचं कालवण करून डबे फ्रीजमध्ये ठेवायची आणि परत जायची. फोनवर अब्दुलनं अडचण सांगितली तेव्हा ती म्हणाली, "अहो, एवढे लोक असतात मैदानावर. कुणाच्याही तोंडाकडे बघा ना!"

"कुणाच्याही तोंडाकडे बघून कसं कळेल?"

"मग स्वतः बघा सरळ. या वयात काय ती नाटकं!"

तिचं चुकत नव्हतं. पण अब्दुलला भीती होती ती वेगळीच. बत्तीस वर्षांचा नेम मोडला, वळून पाहिलं आणि पोरं हरली तर? तो कप काशिरामचा होता. अब्दुलच्या उतावळ्या नजरेपायी गेला तर मेल्यावर त्याला कुठल्या तोंडानं भेटायचं?

सेमीफायनलला त्यानं सत्यजीतला नेलं. सत्यजीत बँकेत साहेब, पुण्याहून बदलून आलेला, घड्याळांचा शौकीन म्हणून दुकानात बसणारा. क्रिकेटवर तासभर बोलायचा. अब्दुलनं त्याला काम समजावलं. "तुम्ही फक्त मॅच बघायची, साहेब. मी तुमच्याकडे बघेन."

"एवढंच ना? डन, चाचा!"

शेवटची ओव्हर आली. अब्दुल फिरला. सत्यजीत समोर. पाठीमागे आरडाओरडा झाला, पिपाण्या वाजल्या, डीजे धडाडला. सत्यजीतचा चेहरा कोरा. बंद शटरसारखा.  विकेट असेल? काहीच झालं नसेल? आणि मागचा गोंगाट पार विरून गेल्यावर, सगळीकडे शांत झाल्यावर, सत्यजीत एकदम हवेत उडी मारून ओरडला, "ओह, व्हॉट अ शॉट!"

अब्दुलनं पाहिलं तर साहेबांच्या हातात मोबाइल.

"अहो, मैदान तिकडे आहे!"

"इथून नीट दिसत नाही, चाचा. यूट्यूबवर लाइव्ह आहे ना, क्लोजअप दाखवतात. थोडं मागून येतं, एवढंच."

सबंध ओव्हरभर हेच. पाठीमागे जग बुडायचं आणि समोरचा माणूस मागच्या चेंडूवर हसत असायचा. प्रॉम्प्टरनं आधीच्या अंकातली वाक्यं पुरवावीत तसं. नवप्रकाश जिंकली हे अब्दुलला कळलं ते पोरांनी येऊन खांद्यावर उचललं तेव्हा. कॅप्टन, शिंप्याचा मुलगा, ओरडत होता, "चाचाची पाठ! चाचाची पाठ!" पोरांचाही त्या पाठीवर विश्वास होता. लहानपणापासून बघत आली होती ती.

फायनलला अब्दुल एकटाच गेला.

मैदान पळस्पेच्या पुढे, हायवेपासून आत. दुपार कलली होती. माणूस तर एवढं लोटलेलं की दोरीला चिकटून सात-आठ रांगा. काशिराम आणि तो ज्या शिरीषाच्या झाडाखाली उभे राहायचे तिथे अब्दुल जाऊन उभा राहिला. काशिरामच्या जागी कुणाचीतरी मोटरसायकल लावलेली होती. आरशावर हेल्मेट अडकवलेलं. त्यानं गाडी थोडी सरकवून पाहिली, लॉक होती.

नवप्रकाश दुसऱ्यांदा खेळत होती. पोरं मारत होती, बाद होत होती, पुन्हा मारत होती. चौकार गेला की अब्दुलचा हात आपोआप उजवीकडे जायचा, थाप मारायला, आणि हवेतून परत यायचा. शेजारी एक अनोळखी पोरगा होता. एकदा चुकून त्याच्याच पाठीवर थाप बसली. पोरगा म्हणाला, "काय काका, सांभाळून." वाईट नव्हता. नुसता अनोळखी होता.

आणि निवेदक ओरडला, "शेवटचं षटक, रसिकहो! अकरा धावांची गरज!"

तिसरी घंटा झाल्यावर नट विंगेत टोपी सारखी करतो तशी अब्दुलनं टोपी सारखी केली. तो फिरला. मैदानाकडे पाठ. समोर माणसांची भिंत. कुणीतरी एक, एकच चेहरा सापडू दे, असं म्हणत त्यानं वर पाहिलं.

चेहरे नव्हतेच. सगळ्यांनी मोबाइल वर धरले होते. शंभर, दोनशे, किती ते कोण मोजणार. डोळ्यांच्या जागी काळे चौकोन, खाली नुसत्या हनुवट्या. सगळी माणसं शेवटची ओव्हर घरी न्यायला निघालेली. पहिला चेंडू पडला, मागे गलका झाला, हनुवट्या हलल्या. काय झालं? दुसरा पडला. पिपाण्या. तिसरा. डीजे. अब्दुल एका हनुवटीवरून दुसरीवर जात राहिला, बंद घड्याळांच्या तबकड्यांवरून फिरावं तसा. एकही त्याच्याशी बोलत नव्हती. चौथ्या चेंडूला हजार माणसं एकदम "आऽऽ" म्हणाली आणि त्या "आ"चा अर्थ सांगणारं त्याला या पृथ्वीवर कुणी उरलं नव्हतं.

त्यानं मोटरसायकलकडे पाहिलं. आरशात काहीतरी हलत होतं, पताका असाव्यात. "काशिराम," तो पुटपुटला, "आता मी काय करू, बाबा?"

आणि तो वळला.

बत्तीस वर्षांनी शेवटच्या ओव्हरला मैदान समोर आलं. केवढंसं होतं ते! ऊन तिरपं, धूळ उडालेली, मधे दोन पोरं बॅटवर हात ठेवून वाकलेली. फलकावर दिसत होतं, दोन चेंडू, पाच धावा. गोलंदाज धावत आला. बाजारातल्या भाजीवाल्याच्या मुलानं डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून गेला, मागे कुणीच नव्हतं, घरंगळत घरंगळत दोरीला लागला. चार. आता एक हवी होती. शेवटचा चेंडू पोराच्या बॅटला लागलाच नाही. यष्टिरक्षकाच्या हातातून सुटला, त्याच्याच पायावर आपटला. तो शोधतोय तोवर दोघं पोरं जीव खाऊन पळाली. एक पडलं, लोळत रेघेपलीकडे पोचलं.

जिंकले. सरपंच चषक!

मैदानात लोंढा घुसला, गुलाल उडाला. अब्दुल जागचा हलला नाही. एवढंच? ज्यासाठी चार फायनलला रडलो, ते हे एवढंच असतं? एक चुकलेला फटका आणि एक सुटलेला चेंडू? हे काशिरामच्या तोंडावर कसं दिसलं असतं! ती कड लागल्यावर भुवया कुठवर गेल्या असत्या, चेंडू घरंगळताना श्वास कसा अडकला असता, शेवटी ती दाताची खिंड. केवढा मोठा विजय झाला असता तो!

कॅप्टन धावत आला, गुलालानं माखलेला. "चाचा! तुमच्या पाठीनं जिंकलो!" त्यानं अब्दुलला घट्ट मिठी मारली. "केली होती ना पाठ?"

"केली होती," अब्दुल म्हणाला. चार चेंडूंपुरतं ते खरंच होतं.

पोरं ट्रकवर चढून नाचत निघून गेली. "चाचा, चला!" म्हणाली. तो म्हणाला, पुढे व्हा. मग त्यानं मुबीनाला फोन लावला.

"जिंकलो आपण!"

"काय? जरा मोठ्यानं बोला, बाळ रडतंय."

"नवप्रकाश! कप!"

"अच्छा! मुबारक हो! बरं ऐका, ते फ्रीजमधलं कालवण आज संपवा. हो, हो, घेते रे तुला..." हे शेवटचं बाळाला होतं. फोन बंद झाला.

मैदान रिकामं झालं. मोटरसायकलचा मालकही आला, हेल्मेट घातलं आणि गेला. काशिरामची जागा मोकळी झाली. अब्दुल थोडा वेळ त्या जागेवर उभा राहिला. मग घराकडे जाण्याऐवजी त्याची पावलं काशिरामच्या गावाकडे वळली.

ठमाबाई ओसरीवर सुपात सुकट पाखडत होती. माहेर समुद्राकाठच्या करंजा गावचं, तिकडून भावानं पाठवलेली. अब्दुलच्या शर्टावरचा गुलाल पाहून तिचा हात थांबला.

"काय भावजी, लगनाला गेलंव का काय?"

"वहिनी, नवप्रकाश जिंकली. सरपंच चषक."

"आसं?" ती पुन्हा पाखडायला लागली. "मना काय कलतंय त्यातला. बसा."

तो पायरीवर बसला.  मग तो म्हणाला, "वहिनी, एक सांगायचंय. मी आज वळून पाहिलं."

ठमाबाईनं सूप खाली ठेवलं. एवढं तिलाही ठाऊक होतं. "मंग? जिकलं नाय काय?"

"जिंकले ना."

"तुमी बगत आसताना?"

"बघत असताना."

"आगं बाय! मंग येवडी वरसं पाट फिरवून कशाला उबं र्‍हायलंव?"

 अब्दुलनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "काशिरामला बघत होतो," तो म्हणाला. "त्याच्या तोंडावर सगळं दिसायचं, वहिनी. टीव्हीपेक्षा छान. सिक्सर जाताना तर..."

"कसा दिसायचा?"

"काय?"

"तेंचा तोंड. सिक्सर जाताना."

"तुम्ही नाही पाहिलं कधी?"

"मी कवा बगनार? तुमी तिकडं, मी चुलीम्होरं. घरी यायचं तवा तोंड पडलेलाच. जेवायचं नाय, बोलायचं नाय. दोन-दोन दिस." ती सुकटीतला एक खडा वेचून अंगणात टाकत म्हणाली, "हरलेला तोंड माज्या वाट्याला आला, भावजी. जिकलेला तुमीच ठेवलंव."

 हे अब्दुलच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"दाखवा तरी," ती म्हणाली.

"मी? मला कुठं येतंय!"

"येवडी वरसं बगितलंव ना? दाखवा."

अब्दुल उठला. अंगणात, पलीकडे हायवेवरून ट्रक जात असताना, तिच्यासमोर उभा राहिला. त्यानं आवंढा गिळला. डावा गाल किंचित फुगवला. मग हळूहळू भुवया वर नेल्या, आणखी वर, कपाळाच्या आठ्या टोपीला भिडेपर्यंत. तोंड अर्धं उघडलं. नजर चिंचेच्या शेंड्यावरून न दिसणाऱ्या चेंडूमागे जात राहिली, जात राहिली, ठमाबाईही मान वर करून तिकडेच बघायला लागली. आणि चेंडू पडला. तोंड पुरतं उघडलं.

ठमाबाई खुदकन हसली. पदर तोंडावर धरून हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "ह्योच," ती म्हणाली. "लगनात आंतरपाट निंगाला तवा आसाच तोंड क्येल्लावता. त्या दिशी बगितलेला. नंतर नाय."

उन्हं उतरली होती. तिनं डोळे पुसले, पदर सारखा केला, सूप बाजूला सारलं आणि मांडी नीट घालून बसली, खेळ सुरू व्हायची वाट बघणाऱ्या माणसासारखी.

"भावजी," ती म्हणाली, "तेवडा परत करा."